मारामारीतला काना

स्वल्पविरामांनी आयुष्यात कुणावर हात उचलला नव्हता. त्याचं श्रेय त्यांच्या स्वभावाला द्यायचं की दंडांना, यावर इमारतीत दोन मतं होती. त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ती पाटी कुणी वाचत नाही. ते छापखान्यात मुद्रितं तपासतात. उभे राहिले की मानेत किंचित वाकतात आणि बोलताना दर चार शब्दांनी थांबतात, म्हणून कुणीतरी त्यांना हे नाव ठेवलं. त्यांच्या कानावर ते आलं तेव्हा त्यांनी ते मनातल्या मनात तपासून पाहिलं. ऱ्हस्व-दीर्घ सगळं बरोबर होतं, त्यामुळे तक्रारीला जागा उरली नाही.

माणूस तपासनीस असला की त्याला एक सवय लागते. सत्तावीस वर्षं त्यांच्या टेबलावर कुणी काहीही आणून टाकलं, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी असो की तीनशे पानी ग्रंथ, की ते मान वर न करता म्हणतात, "ठेवा, बघून घेतो." ही सवय त्यांच्याबरोबर घरीही आली. नळ गळतोय, बघून घेतो. दिवा लागत नाहीये, बघून घेतो. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी बायको म्हणाली, "आज मला जरा बरं वाटत नाहीये," तेव्हाही ते हेच म्हणाले होते. बावीस वर्षं झाली, त्याचा जाब अजून अधूनमधून विचारला जातो.

तर त्या शनिवारी सकाळी ते कामाला निघाले होते. पायऱ्या उतरत होते एवढंच, डोकं छापखान्यात पोचलं होतं. चौथीच्या भूगोलाच्या पुस्तकात एका नकाशावरचे बाण उलटे पडले होते आणि एक नदी बिनदिक्कत डोंगराच्या माथ्याकडे निघाली होती. त्या नदीला खाली कसं आणावं या विचारात ते दुसऱ्या मजल्यावर आले, तर समोर टेंपो उभा.

टेंपो म्हणजे त्यांच्या बरोबर खालच्या घरात राहणारा गृहस्थ. मालवाहू टेंपो चालवतो, म्हणून टेंपो. मात्र तो दारात उभा राहिला की नाव धंद्यावरून पडलं की बांध्यावरून, असा संशय येतो.

"अहो साहेब!" टेंपो गरजला. तसा तो वेळ विचारतानाही गरजतोच. "तुमच्या मोरीचं पाणी माझ्या उशीवर पडतंय! थेंब थेंब! आज तिसरा दिवस! काय करायचं माणसानं?"

स्वल्पविराम उलट्या नदीतून मान वर न काढता म्हणाले, "असू दे, उद्या रविवार आहे, बघून घेतो."

आणि ते निघून गेले.

आता आपल्या भाषेची गंमत अशी, की हेच दोन शब्द टेबलाशी बसून म्हटले तर काम होतं आणि जिन्यात उभं राहून म्हटले तर कपाळमोक्ष. ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांचे शब्द तपासले, त्याला स्वतःचा शब्द कुठे उभा राहून उच्चारला जातोय हे कळू नये, याला काय म्हणावं! जिन्यात त्या वेळी चार दारं किलकिली होती. आमच्या अनुभवात किलकिलं दार हे सताड उघड्या दारापेक्षा जास्त ऐकतं.

संध्याकाळी ते परतले तेव्हा पहिल्या मजल्यावर कायम आडवी लावलेली सायकल सरळ झालेली होती. एरवी त्यांना बघून न बघितल्यासारखं करणारे एक गृहस्थ भिंतीला चिकटले आणि "या, या, आधी तुम्ही," म्हणाले. घरी बायकोनं चहा दिला, तो मोठ्या कपात. मोठा कप पाहुण्यांचा. बावीस वर्षांत स्वल्पविरामांना तो फक्त विसळायला मिळाला होता.

"तुम्ही त्या टेंपोला म्हणालात म्हणे, उद्या बघून घेतो?" बायकोनं विचारलं.

"हो, म्हणालो खरा."

"बरं," ती म्हणाली आणि आत गेली. त्या 'बरं'मध्ये नेमकं काय होतं हे त्यांना कळेना. बोलण्यात विरामचिन्हं दिसत नाहीत, हीच मोठी अडचण आहे.

चहा अर्धा झाला नाही तोच शेजारचे बेलीफ आले. तीस वर्षं कोर्टाचे समन्स वाटून निवृत्त झालेला माणूस. लोकांनी दार लावून घ्यायची त्यांना इतकी सवय, की कुणी 'बसा' म्हटलं तरी ते उंबऱ्यावर एक पाय ठेवूनच बोलतात.

"शाब्बास!" बेलीफ म्हणाले. "तुमच्यात हे पाणी असेल असं वाटलं नव्हतं."

"पाणी खाली पडतंय हो," स्वल्पविराम म्हणाले. "पाइप बघायला हवा. मी म्हणालो ते..."

"ते सगळं ठीक. पण एक लक्षात ठेवा. पहिला हात त्याला उचलू द्या. कायद्यात त्याला स्वसंरक्षण म्हणतात."

"हात? आणि त्याच्या पहिल्याच हातात मी आडवा झालो तर?"

"मग तर तुमची बाजू फारच भक्कम," बेलीफ समाधानानं म्हणाले.

तेव्हा कुठे स्वल्पविरामांच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांचा हात आपोआप तोंडाकडे गेला. दोनच महिन्यांपूर्वी त्यांनी समोरचा दात नवा बसवला होता. जुना पडल्यापासून त्यांना 'स' नीट म्हणता येत नसे आणि तपासनिसाला 'स' आणि 'श' यांच्यात गोंधळ परवडत नाही. त्या दातासाठी दातांच्या डॉक्टरकडे सात खेपा घातल्या होत्या. टेंपोची मूठ त्यांनी एकदा जवळून बघितली होती, दिव्याचा गोळा बदलताना. अख्खा गोळा त्या मुठीत दिसेनासा झाला होता.

त्याच क्षणी ते खरं सांगू शकले असते. "अहो, मी पाइपाबद्दल बोलत होतो," एवढं एक वाक्य. पण समोर मोठा कप होता. बेलीफ त्यांच्याकडे असे बघत होते, जसं आजवर कुणी बघितलं नव्हतं. शिवाय पाचवीतली ती गोष्ट होतीच. पाचवीत एका आडदांड पोरानं त्यांना शाळा सुटल्यावर मागच्या भिंतीपाशी बोलावलं होतं, आणि हे पुढच्या दारानं पळाले होते, एक चप्पल टाकून. ही हकिकत ते बायकोला "मी त्याला सोडून दिलं" अशी सांगत आले होते. म्हटलं, उद्या सकाळी सांगू. मनात दाताची काळजी आणि छातीत थोडा अभिमान, असे दोन्ही एकदम घेऊन त्यांनी उरलेला चहा संपवला.

पण सकाळपर्यंत थांबायची वेळ आली नाही. तासाभरात इमारतीचे चिटणीस हजर झाले, हातात फाइल. चिटणीसांचं असं आहे, की इमारतीला आग लागली तरी ते आधी विचारतील, लेखी कळवलंत का?

"उद्याची मारामारी होणार नाही," ते म्हणाले.

स्वल्पविरामांना त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं.

"म्हणजे उद्या होणार नाही," चिटणीस म्हणाले. "जिन्यात करता येत नाही, जिना सामायिक. अंगणात वाहनं असतात. राहिली गच्ची. आणि गच्चीसाठी अर्ज सात दिवस आधी लागतो. दोन प्रतींत. पुढच्या रविवारी सकाळी नऊ, चालेल?"

स्वल्पविरामांच्या पुढ्यात अर्ज आला. 'कार्यक्रमाचे स्वरूप' या रकान्याशी ते अडखळले. सत्तावीस वर्षांत त्यांनी कुठलाही रकाना रिकामा सोडला नव्हता. बराच विचार करून त्यांनी लिहिलं, 'घरगुती'. 'ध्वनिक्षेपक लागेल काय?' नाही. 'कार्यक्रमानंतर जागा पूर्ववत करून देण्याची जबाबदारी कोणाची?' इथे चिटणीस म्हणाले, "जो शुद्धीवर असेल त्याची, असं लिहा." आणि त्यांनी ते लिहिलं.

"आणि हो," उंबऱ्यावरून बेलीफ म्हणाले, "तोवर दोन्ही पक्षांनी एकमेकांना भेटायचं नाही. साक्षीदार बिघडतात."

झालं! गळका पाइप होता स्वल्पविरामांच्या मोरीच्या खाली, म्हणजे टेंपोच्या छतात. तो दुरुस्त करायचा तर टेंपोच्या घरात पाय ठेवायला हवा, आणि तिथे तर आता बंदी. त्यांनी घरात पाणी जपून वापरायला सांगितलं, बादलीऐवजी तांब्यानं आंघोळ सुरू केली. पण थेंबानं काही माघार घेतली नाही.

सोमवारी फलकावर नोटीस लागली. "सर्व सभासदांना कळविण्यात येते की येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता गच्चीवर दोन सभासदांची मारामरी असल्याने कोणीही कपडे वाळत घालू नयेत."

स्वल्पविराम कामावरून येताना तिथे थांबले. नोटीस त्यांनी वाचली आणि एखाद्याच्या पायात काटा रुतावा तसं त्यांना झालं. आपल्याला चारचौघांत मार बसणार आहे याचं दुःख होतंच. पण 'मारामरी'! दुसऱ्या म ला काना नाही! आपल्या मरणाच्या नोटिशीतसुद्धा चूक असावी? खिशातून त्यांचं लाल पेन कधी निघालं त्यांनाही कळलं नाही. त्यांनी काना दिला, समासात तपासणीची खूण केली, सवयीनं खाली आद्याक्षरं टाकली आणि जिना चढून घरी गेले.

पाच मिनिटांत इमारतभर झालं, की त्यांनी लाल शाईनं सही केली! काही जणांनी शाई म्हटलं, काहींनी रक्त म्हटलं. बेलीफ म्हणाले, "तीस वर्षांत असं आव्हान स्वीकारताना मी कुणाला बघितलं नाही. माणसं समन्स घेत नाहीत हो हातात!"

त्या आठवड्यात स्वल्पविरामांना सल्ल्यांची कमतरता पडली नाही. कुणी म्हणालं, नाकावर मारा. कुणी म्हणालं, त्याचं नाक तुमच्यापासून वीतभर वर आहे, स्टूल न्या. बेलीफ रोज संध्याकाळी येऊन त्यांना मूठ कशी वळायची ते शिकवत. त्यांची मूठ वळली, की अंगठा आणि पहिलं बोट पेन धरल्यासारखे पुढे यायचे. "ह्यानं तुम्ही त्याला फार तर अधोरेखित कराल," बेलीफ वैतागून म्हणाले.

आणि तरी खोटं कशाला बोला, दिवसा त्यांना मजा येत होती. छापखान्यात मालकांनी त्यांच्यासाठी उठून खुर्ची सरकवली. उलट्या नदीच्या नकाशाबद्दल चित्रकार आजवर हुज्जत घालत होता, त्यानं बाण निमूट सरळ करून दिले. रात्री मात्र अंथरुणावर पडलं की ते जीभ हळूच नव्या दातावर फिरवत आणि खालच्या घरातून 'टप्' असा आवाज येतो का ते ऐकत.

रविवार उजाडला. गच्चीवर खुर्च्या, चटया, मागे उभी राहिलेली माणसं. कपडे खरोखरच कुणी वाळत घातले नव्हते. बायको कठड्याशी हाताची घडी घालून उभी होती आणि तिचा चेहरा त्यांना वाचता येत नव्हता. पहिल्या खुर्चीवर एक अनोळखी म्हातारे गृहस्थ छडीवर दोन्ही हात ठेवून बसले होते.

टेंपो आला. बनियन घातलेला, छाती पुढे, आणि मान अशी ताठ की तो उजवीकडे बघायला सगळाच्या सगळा फिरला. गर्दीत कुजबुज झाली, "बघ, बघ, गुर्मी बघ." चिटणीसांनी अर्ज वाचून दाखवला. 'जो शुद्धीवर असेल त्याची' या शब्दांशी स्वल्पविरामांची मान आणखी खाली गेली, पण मानेत ते एरवीही वाकलेलेच असल्यामुळे ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

दोघं पुढे आले. इतके जवळ, की टेंपोची छाती आणि स्वल्पविरामांचा चष्मा यांत चार बोटांचं अंतर राहिलं.

"साहेब," टेंपो ओठ न हलवता म्हणाला. त्याला हळू बोलता येतं हे स्वल्पविरामांना प्रथमच कळलं. "साहेब, माझी मान अवघडलीय. आठ दिवस पायथ्याशी उशी घेऊन वाकडा झोपतोय. तुम्ही नुसतं बोट लावलंत तरी मी ओरडेन. आणि ती पहिली खुर्ची बघा. माझे सासरे. बायकोनं मुद्दाम बोलावून घेतलंय."

"अहो, पण मग तुम्ही... आधी का नाही बोललात?"

"तुम्ही लाल शाईनं सही केलीत की! आधी ती नोटीस वाचून मी अर्धा झालो होतो. म्हटलं, ह्यात मरी कशाला? कुणी मरायचंय की काय?"

"ती सही नव्हती हो," स्वल्पविराम म्हणाले. "काना होता."

"काय होता?"

"मारामारीतला काना. राहिला होता. आणि मी तुम्हाला बघून घेतो म्हणालो, ते... पाइपाबद्दल म्हणालो."

टेंपोनं ते ऐकलं. त्याला मान हलवता येईना, म्हणून त्यानं डोळे दोनदा मिटले. "पान्हा आहे माझ्याकडे," तो पुटपुटला. "पण खाली जायचं कसं? सगळे बघतायत."

मागून आवाज उठला, "अरे, सुरू करा!" कुणीतरी टाळ्या वाजवल्या. म्हाताऱ्या सासऱ्यांनी छडी आपटली. स्वल्पविरामांना पाचवीतली भिंत आठवली आणि ती एक चप्पल. आणि त्या क्षणी त्यांना वाटलं, पळून जाणं आणि निघून जाणं हे दोन वेगळे शब्द आहेत. आपण इतकी वर्षं ते एकच समजत होतो, एवढीच चूक होती. त्यांना एकदम मोकळं वाटलं. भीती गेली असं नाही, पण ती बाजूला सरकून उभी राहिली, त्या सायकलीसारखी.

त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि जन्मात पहिल्यांदा एका दमात, कुठेही न थांबता ते ओरडले, "इथे नाही! चला खाली तुमच्या घरात! दार लावून बघून घेतो!"

सासऱ्यांची छडी हवेतच राहिली. ते वळले आणि शांतपणे चालू लागले. मागोमाग टेंपो, ताठ मानेनं.

दार लागलं आणि अख्खी इमारत गच्चीवरून जिन्यात उतरली. बेलीफ कान दाराला लावून उभे. आतून स्टूल ओढल्याचा आवाज आला, मग धाडकन काहीतरी पडलं.

"मान धरा, मान!" आतून टेंपोचा आवाज.

"धरली!" स्वल्पविरामांचा.

"आता पिळा! अजून! अजून पिळा, सोडू नका!"

"आई गं! सुटली की हो!"

"तोंड दाबा, तोंड! हातानं दाबून धरा!"

जिन्यातली माणसं आणखी एक पायरी दाराकडे सरकली. चिटणीस फाइल उलटून बंद दारामागच्या कार्यक्रमाला कुठला नियम लागतो ते शोधत होते. "मान पिळतायत," बेलीफ भारावून म्हणाले, "आणि तरी एकमेकांना अहो-जाहो! याला म्हणतात संस्कार."

अर्ध्या तासानं दार उघडलं. दोघंही नखशिखांत भिजलेले, शर्टावर गंजाचे तांबडे डाग, स्वल्पविरामांचा चष्मा एका कानावर लोंबतोय. त्यांनी जिभेनं दात चाचपला. जागेवर होता.

"झालं," ते म्हणाले. "आता नाही व्हायचा त्रास."

"नाही व्हायचा," टेंपोनं कबूल केलं. सासरेबुवांनी जावयाकडे बघितलं. एवढा मार खाऊनही मान खाली गेली नाही, हे पाहून त्यांचे डोळे भरून आले.

घरी बायकोनं टॉवेल दिला. मग चहा, पुन्हा मोठ्या कपात. स्वल्पविरामांनी कप तसाच खाली ठेवला.

"हे बघ," ते म्हणाले, "मी काही... मारलंबिरलं नाही. पाइप बसवला. आणि पाचवीतसुद्धा मी त्याला सोडून दिलं नव्हतं, मी पळालो होतो. हा कप मला... नको."

"पाइपच बसवणार, ते मला पहिल्या दिवशीच माहीत होतं," ती म्हणाली. "बावीस वर्षं ऐकतेय मी तुमचं बघून घेतो. आणि कपाचं म्हणाल तर तुमच्या रोजच्या कपाचा कान तुटलाय. दुसरा होता कुठे?"

"मग सांगितलं का नाहीस लोकांना?"

"जिना चढताना तुम्ही पहिल्यांदाच ताठ चालत होतात. म्हटलं, चालू दे चार दिवस." मग तिनं त्यांच्या हातातला टॉवेल घेतला. "पण आज गच्चीवर माझे हातपाय गार पडले होते. तुम्ही त्याला मारलं असतंत तर मला आवडलं नसतं, आणि तुम्हाला लागलं असतं तर मला सोसलं नसतं. तुम्ही वळून चालायला लागलात ना, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला."

स्वल्पविरामांनी कप परत जवळ ओढला. चहा सगळा प्याले, आणि तो त्यांना फार चांगला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कामाला निघाले. दुसऱ्या मजल्यावर टेंपो मानेला पट्टा बांधून उभा होता. "साहेब, काल उशीवर झोपलो!" तो गरजला. खाली फलकावर नवी नोटीस होती. "रविवारची मारामारी शांतेत पार पडली. सहकार्याबद्दल सर्वांचे आभार."

'शांतेत'! एक अख्खा 'त' गायब! हात खिशाकडे गेला, लाल पेनाचं टोपण निघालं. आणि तेवढ्यात त्यांना जाणवलं, की मागे चार दारं किलकिली झाली आहेत.

त्यांनी टोपण परत लावलं, पेन खिशात ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदाच ते एका चुकीपासून निघून जायला वळले होते. पण सवय ती सवय. जाता जाता नोटिशीकडे बघून त्यांच्या तोंडून निघालंच, "असू दे, रविवारी बघून घेतो."

वरच्या मजल्यावरून चिटणीसांचा आवाज आला, "मग पुढच्या रविवारी! अर्ज सात दिवस आधी लागतो!"